पुढील ब्रेकचे अतितापन

पुढील ब्रेकचे अतितापन म्हणजे मोटारवाहनाच्या पुढच्या चाकांवरील ब्रेक नेहमीच्या वापरात अपेक्षित असलेल्या मर्यादेपेक्षा अधिक तापणे. ब्रेक दाबल्यावर उष्णता निर्माण होणे स्वाभाविक आहे. गतीचे उष्णतेत रूपांतर करणे हेच ब्रेकचे कार्य होय. मात्र पेडलवरून पाय काढल्यानंतरही ब्रेक चाकाला धरून राहिला, अथवा मागील ब्रेकच्या वाट्याचे काम पुढील ब्रेकला करावे लागले, तर ही उष्णता साठत जाते व धोकादायक ठरते. यांपैकी पहिल्या प्रकाराला कारागिरांच्या बोलीत 'ब्रेक पकडणे' किंवा 'ब्रेक जाम होणे' असे म्हणतात.

पॅड, कॅलिपर, होज पाइप किंवा मास्टर सिलिंडर घरच्या घरी बदलल्यानंतर हा दोष उद्भवल्यास त्याचे मूळ बहुधा त्या दुरुस्तीतच सापडते. दोष चाकापाशी दिसत असला तरी तो चाकापाशीच असेल असे नाही. त्यामुळे सुटे भाग एकामागून एक बदलण्यापूर्वी, चाक ब्रेक ऑइलच्या दाबाने अडले आहे की एखादा भाग जागीच रुतल्यामुळे, हे ठरवणे निदानाचा गाभा मानले जाते.

या लेखात छोटे मालवाहू ट्रक व पिकअप यांच्या हायड्रॉलिक, म्हणजेच द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकचा विचार केला आहे. अशा अनेक वाहनांत पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असतात. जड ट्रकांमध्ये सामान्यतः हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असून त्यांची तपासणी वेगळ्या पद्धतीने केली जाते.

## कार्यपद्धती

चालकाने पेडल दाबले की बूस्टर त्या जोरात भर घालतो आणि पुश रॉड मास्टर सिलिंडरमधील पिस्टनला पुढे ढकलतो. पास्कलच्या नियमानुसार बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. हा दाब पोलादी नळ्या व लवचीक होज पाइप यांतून कॅलिपरपर्यंत जातो. तरंगत्या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतील पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर गाइड पिनांवरून सरकून बाहेरील पॅडला दुसऱ्या बाजूने दाबतो.

पेडल सोडल्यावर पिस्टन मागे ओढण्यासाठी या रचनेत सहसा स्वतंत्र स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील दाबाखाली किंचित वाकते व दाब उतरताच पूर्ववत होताना पिस्टनला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे घेते. एवढ्याशा सरकण्यावर चाकाचे मोकळेपण अवलंबून असते. म्हणूनच थोडा गंज, कोरडी पिन अथवा पूर्ण न उतरलेला दाब यांपैकी काहीही ब्रेक पकडून ठेवण्यास पुरेसे ठरते.

मास्टर सिलिंडर व ऑइलची टाकी यांच्यामध्ये एक बारीक भरपाई छिद्र असते. पिस्टन पूर्णपणे मागे आला की ते उघडे होते आणि तापून प्रसरण पावलेले ऑइल टाकीत परत जाते. काही रचनांत हेच काम पिस्टनमधील झडप करते. हा परतीचा मार्ग मोकळा असणे अत्यावश्यक आहे.

## उष्णतेचे गणित

एकूण ३,००० किलो वजनाचा ट्रक ताशी ६० किमी वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४१७ किलोज्यूल असते. यांपैकी ६० टक्के ऊर्जा प्रत्येकी १० किलो वजनाच्या दोन पुढील डिस्कांत गेली असे मानल्यास, एकदा ब्रेक लावून थांबल्याने त्यांचे तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअसने वाढते. पुढच्या प्रवासात वाऱ्याने ही उष्णता निघून जाते.

पकडलेल्या ब्रेकचे गणित निराळे आहे. जॅकवर उचललेले चाक हाताने फिरवण्यास टायरच्या कडेला सुमारे १७.५ किलो वजनाइतका जोर लागतो, असे समजू. टायरची त्रिज्या ०.३५ मीटर असल्यास ताशी ६० किमी वेगाने त्या एका ब्रेकमध्ये जवळपास २.९ किलोवॅट दराने उष्णता निर्माण होते. पाच मिनिटांत ती सुमारे ८६० किलोज्यूल भरते. बाहेर जाणारी उष्णता वगळून पाहिल्यास १० किलोच्या डिस्कचे तापमान तेवढ्यात १८५ अंशांहून अधिक वाढू शकते. चालकाला गाडी किंचित जड चालत असल्यापलीकडे काहीही जाणवत नाही, आणि चाकात मात्र जणू शेगडी पेटलेली असते.

घाट उतरताना हा प्रश्न अधिक गंभीर होतो. बोरघाटात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची सुमारे ५०० मीटरने कमी होते. वरील ट्रकाच्या बाबतीत ही ऊर्जा सुमारे १४.७ मेगाज्यूल, म्हणजे ताशी ६० किमी वेगावरून ३५ वेळा थांबण्याइतकी आहे. खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवल्यास तिचा मोठा वाटा इंजिन पेलते. जो ब्रेक सपाट रस्त्यावरच तापलेला आहे, त्याच्याजवळ घाटासाठी राखीव क्षमता उरत नाही.

## परिणाम

तापमान वाढत गेले की पॅडचे घर्षण कमी होते. पेडल कडक लागते, पण गाडी लवकर थांबत नाही. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, डिस्कवर निळसर छटा किंवा तडे दिसतात, रबरी सील व धूळरोधक टोप्या करपतात आणि चाकाच्या बेअरिंगमधील ग्रीस पातळ होऊन बाहेर येऊ शकते.

सर्वांत धोकादायक परिणाम ब्रेक ऑइल उकळण्याचा होय. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल एकाएकी तळाला जाते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. अमेरिकी मानकानुसार डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि पाणी शोषलेल्या ऑइलचा किमान १४० अंश सेल्सिअस असावा लागतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ असे आहेत. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा द्रव होते व पेडल पूर्ववत लागते. त्यामुळे 'आपोआप बरे झाले' असा गैरसमज होऊन तीच गाडी पुन्हा रस्त्यावर आणली जाते.

## घरगुती दुरुस्तीनंतर आढळणारी कारणे

### यांत्रिक कारणे

- गाइड पिन : पिना कोरड्या राहणे, त्यांच्या छिद्रांतील गंज साफ न करणे, किंवा रबराला न चालणारे साधे ग्रीस लावणे. अशा ग्रीसने रबर फुगते व पिन घट्ट होते. काही कॅलिपरमध्ये दोन पिना सारख्या नसतात. त्यांची अदलाबदल झाल्यासही कॅलिपर सरकत नाही.
- पॅडची बैठक : पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तेथील पत्र्याच्या क्लिपांखाली गंज साचलेला असणे, कॅलिपरला लावलेला रंग खाचेत जाणे, अथवा पॅड हातोडीने ठोकून बसवणे. पॅड त्याच्या खाचेत हाताच्या जोराने सरकला पाहिजे.
- पिस्टन : नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे रेटताना त्याचा गंजलेला भाग सीलच्या आत जाणे, पिस्टन तिरका होणे किंवा धूळरोधक टोपी फाटणे.
- बेअरिंग : ज्या रचनेत डिस्क काढताना बेअरिंगचे नट सोडावे लागते, तेथे ते नट प्रमाणाबाहेर आवळणे. यात हबचा मध्य अधिक तापतो.

### द्रवदाबाशी संबंधित कारणे

- होज पाइप : काम करताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवल्यास किंवा होज पिळून बसवल्यास त्याचे आतील अस्तर सुटू शकते. सुटलेला पापुद्रा एकेरी झडपेप्रमाणे वागतो. पायाच्या जोराने ऑइल कॅलिपरमध्ये जाते, परंतु सीलच्या क्षीण ओढीने परत येत नाही. होज बाहेरून मात्र चांगला दिसतो.
- पुश रॉडची लांबी : मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर बदलताना पुश रॉड लांब राहिला, अथवा ब्रेक लाइटचा स्विच पुढे बसल्याने पेडल पूर्ण वर आले नाही, तर भरपाई छिद्र झाकलेले राहते. तापलेल्या ऑइलला परतीचा मार्ग नसतो. दाब वाढतो, त्याने ब्रेक आणखी तापतो आणि दाब आणखी वाढतो. मागील ड्रममधील स्प्रिंगा ब्रेकच्या बुटांना मागे ओढत असल्याने हा परिणाम सहसा आधी पुढील चाकांवर दिसतो.
- चुकीचे ऑइल : 'ब्रेक ऑइल' हे रूढ नाव दिशाभूल करणारे आहे. डॉट ३ व डॉट ४ हे द्रव ग्लायकॉल वर्गातील असून ते खनिज तेल नव्हे. टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंगचे ऑइल ओतल्यास मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंतच्या रबरी सील फुगतात. अशा वेळी केवळ ऑइल बदलणे पुरत नाही. दूषित ऑइलच्या संपर्कात आलेले सर्व रबरी भाग बदलावे लागतात व नळ्या धुवाव्या लागतात.

### मागील ब्रेक दुर्बल असणे

पुढील ब्रेक निर्दोष असूनही तापू शकतो. मागील ड्रममधील बुटांचे अंतर न जुळवणे, मागील नळीत हवा राहणे किंवा व्हील सिलिंडर जाम असणे ही याची नेहमीची कारणे आहेत. अनेक मालवाहू वाहनांत चासी व मागील आस यांना जोडणारी भारसंवेदी झडप असते. गाडी भरली की चासी खाली बसते व झडप मागील ब्रेकला अधिक दाब देते. जास्त माल वाहण्यासाठी कमानीत जादा पाटे घातले, पण झडपेची जुळणी बदलली नाही, तर भरलेली गाडीही झडपेला रिकामीच भासते. परिणामी मागील ब्रेकला दाब कमी मिळून सगळा भार पुढील ब्रेकवर पडतो.

## निदान

### पूर्वदक्षता

चाकातून धूर किंवा करपल्याचा वास आल्यास गाडी मोकळ्या जागी थांबवून ब्रेक आपोआप थंड होऊ दिला जातो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतल्यास तिला तडे जाऊ शकतात. तपासणी सपाट व टणक जमिनीवर, मागील चाकांना पुढून-मागून अडथळे लावून केली जाते. गाडी केवळ जॅकवर किंवा विटांवर न ठेवता मजबूत स्टँडवर टेकवणे आवश्यक असते. ब्लीडिंग निपल उघडताना त्यावर पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडतात. दाबाखालील गरम ऑइल डोळ्यांत उडण्याचा धोका असल्याने चश्मा व हातमोजे वापरावेत. हे ऑइल रंगही खराब करते.

### चाचणी फेरी

रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी सावकाश चालवून ती शेवटी आपोआप थांबू दिली जाते. पेडलची पकड आधीच कमी झालेली असल्यास ही फेरी करू नये. त्यानंतर चारही चाकांचे तापमान अवरक्त तापमापकाने घेतात. चकचकीत डिस्कवर हे उपकरण प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. म्हणून डावी व उजवी बाजू यांची तुलना कॅलिपरच्या एकाच ठिकाणी करणे योग्य ठरते.

ब्रेक न वापरताही चाक तापले तर ब्रेक पकडत आहे. अशा फेरीत ते थंड राहिले व नेहमीच्या वापरातच तापले, तर मागील ब्रेक, जादा भार किंवा पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय यांकडे लक्ष द्यावे लागते. नवीन पॅड बसताना पहिल्या काही वापरांत येणारा थोडा वास व किंचित धूर हा दोष नव्हे. तो लवकरच थांबतो आणि चाक मोकळे फिरते.

### निपल उघडण्याची चाचणी

चाक अडलेले असतानाच ही चाचणी करावी लागते. पूर्ण थंड झाल्यावर दाब उतरतो व पुरावा नाहीसा होतो. म्हणून धूर नसेल व हाताळणे शक्य होईल इतपतच थांबून चाक उचलले जाते. डिस्क ब्रेकचे निरोगी चाक पॅडच्या हलक्या घासण्याचा आवाज करीत हाताने सहज फिरते. ते अडत असल्यास त्या कॅलिपरचे निपल सावकाश उघडतात.

१. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला आहे. दोष कॅलिपरच्या अलीकडे, म्हणजे होज, नळ्या, मास्टर सिलिंडर, बूस्टर किंवा पेडल यांत शोधावा लागतो.

२. ऑइल नुसते ठिबकले व चाक तसेच अडलेले राहिले, तर दोष यांत्रिक आहे. गाइड पिना, पिस्टन व पॅडची बैठक तपासावी लागते.

### दाब कोठे अडला हे शोधणे

निपल पुन्हा बंद करून दोष परत निर्माण होऊ दिला जातो. त्यानंतर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरील नट काही मिलिमीटर सैल करून तो पुढे घेतात. एवढ्याने चाके मोकळी झाली, तर पुश रॉड किंवा पेडलची जुळणी चुकली आहे. तसे न झाल्यास मास्टर सिलिंडरवरील नळीचा जोड सैल करतात. आता चाक सुटले, तर मास्टर सिलिंडरमधील परतीचा मार्ग बंद आहे. तरीही ते अडलेले राहिले, तर होजच्या चासीकडील टोकाचा जोड सैल केला जातो. येथे चाक सुटल्यास मधली नळी किंवा झडप दोषी ठरते. येथेही न सुटता केवळ निपल उघडल्यावरच सुटल्यास होज दोषी असतो. प्रत्येक जोड उघडल्यावर आत हवा शिरत असल्याने शेवटी संपूर्ण यंत्रणेतील हवा काढणे अनिवार्य आहे.

### लक्षणांवरून अंदाज

| लक्षण | संभाव्य कारण |
|---|---|
| एकच पुढील चाक तापते, गाडी त्या बाजूला ओढते | त्या बाजूचा कॅलिपर, पिना किंवा होज |
| दोन्ही पुढील चाके सारखीच तापतात, पेडल हळूहळू कडक होते | पुश रॉड, पेडलची जुळणी, मास्टर सिलिंडर |
| इंजिन चालू असतानाच ब्रेक पकडतो | बूस्टरमधील झडप |
| ब्रेक न वापरता चाके थंड, घाटात मात्र दोन्ही पुढील चाके तापतात | मागील ब्रेक, भारसंवेदी झडप, जादा भार |
| आतील पॅड बाहेरील पॅडपेक्षा बराच अधिक झिजलेला | गाइड पिना अडलेल्या |
| पॅड एका टोकाला तिरका झिजलेला | एक पिन किंवा पॅडचा एक कान अडलेला |
| हबचा मध्य सर्वांत गरम, चाक फिरताना खरखर | बेअरिंग |

## दुरुस्ती व पुनर्तपासणी

मूळ कारण दूर केल्यावरही उष्णतेने झालेली हानी शिल्लक राहते. गुळगुळीत झालेले पॅड, करपलेल्या सील व तडे गेलेली डिस्क बदलावी लागते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याहून पातळ डिस्क वापरू नये. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून बेअरिंगचे ग्रीस तपासले जाते. पॅड व होज शक्यतो दोन्ही बाजूंचे एकत्र बदलतात, जेणेकरून डावी व उजवी पकड सारखी राहील.

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू करून, गाडी हलवण्यापूर्वीच पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबणे आवश्यक आहे. मागे रेटलेला पिस्टन पॅडला येऊन भिडेपर्यंत ब्रेक लागत नाही. पुढे पहिल्यासारखीच चाचणी फेरी करून दोन्ही बाजूंच्या तापमानाची पुन्हा तुलना केली जाते. दोष तात्पुरता टाळण्यासाठी एखाद्या चाकाची नळी बंद करणे, अथवा निपलमधून वारंवार दाब उतरवून गाडी वापरणे धोकादायक आहे. एकदा पेडल तळाला गेलेली, ऑइल दूषित झालेली किंवा चाकांचे कुलूपबंद होणे टाळणाऱ्या यंत्रणेत दोष आढळलेली गाडी ओढूनच कार्यशाळेत नेणे इष्ट असते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. तथापि पुढील अनेक दशके मोटारींत ड्रम ब्रेकच प्रचलित होते. बंदिस्त ड्रममधील उष्णता लवकर बाहेर पडत नाही, ही त्यांची मोठी मर्यादा होती. १९५३ च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने विजय मिळवला आणि उघड्या डिस्कची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता सर्वांच्या नजरेत भरली. १९५५ साली आलेल्या सित्रोएन डीएस या मोटारीत पुढील चाकांना डिस्क ब्रेक होते. पुढे हलक्या मालवाहू वाहनांतही पुढे डिस्क व मागे ड्रम ही मांडणी रूढ झाली. ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढच्या चाकांवर झुकतो व अधिक उष्णता तेथेच निर्माण होते, हे या मांडणीमागील कारण आहे.

## हे सुद्धा पहा

- डिस्क ब्रेक
- ड्रम ब्रेक
- पास्कलचा नियम
- इंजिन ब्रेकिंग
- घर्षण